नावाचा रकाना

“पेशंटचं नाव सांगा, बाई.”

“पडले हायेत ना माय. अंग तव्यावानी तापलं. बोलून नाई राह्यले.”

“ते समजलं. त्यांचं नाव सांगा.”

“आमच्या घरचे.”

“घरचे म्हणजे कोण?”

“धनराजचे बाबा.”

“धनराजच्या बाबांचं नाव काय?”

पलीकडून कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. ललिता मोहुर्लेने हेडफोन कानावर दाबून धरला आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. नावाचा रकाना लाल होता. तो भरल्याशिवाय पत्त्याचा रकाना उघडत नसे, आणि पत्ता भरल्याशिवाय गाडीला निरोप जात नसे. यंत्राला घाई नसते, माणसाला असते, पण तिथे यंत्राचं चालायचं.

मे महिना होता आणि भरदुपार. चंद्रपूरचं ऊन काय चीज आहे हे चंद्रपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळपासून ऊन लागल्याचेच फोन येत होते. कोणी बसस्टँडवर पडलं, कोणी खाणीच्या फाटकाशी. मदत केंद्रातल्या सगळ्या गाड्या रस्त्यावर होत्या, एक तेवढी नुकतीच मोकळी झाली होती.

हे मदत केंद्र यंदाच सुरू झालेलं. शहराने त्यासाठी मोठा थाट केला होता. पोलीस, आग आणि दवाखान्याची गाडी, तिन्हींचे फोन एका छताखाली आणले होते. चौकाचौकात कॅमेरे, इकडे भिंतभर पडदा, गाड्यांवर नवे दिवे. आणि विजेच्या प्रत्येक खांबावर पिवळ्या रंगात मोठ्ठा नंबर. पत्ता सांगता येत नसेल तर जवळच्या खांबाचा नंबर सांगा, गाडी बरोब्बर येते. ही खांबाची युक्ती खरोखर गुणाची होती. उठसूट नावं ठेवणाऱ्यांनीही तिला नावं ठेवली नाहीत.

नावाच्या रकान्याचं मात्र वेगळं होतं. सुरुवातीला काही बहाद्दर पोटात दुखतंय म्हणून गाडी बोलवायचे आणि दवाखान्यासमोरच्या बाजारात उतरून पिशव्या घेऊन चालू पडायचे. त्यावर इलाज म्हणून वरून हुकूम आला की आधी पेशंटचं पूर्ण नाव, मग बाकीचं. ‘अज्ञात’ लिहिलं की खुलासा द्यायचा. ललिताने आधी दोनदा ‘अज्ञात’ लिहिलं होतं आणि दोन्हीदा खुलासा दिला होता. तिची नोकरी कराराची होती आणि करार महिनाअखेर संपत होता. तेव्हा ती नावासाठी अडून बसली ती उगीच नव्हे.

“बाई, नाव नाही सांगितलं तर गाडी निघणार नाही.”

“कसं घेऊ माय नाव? आजवरी नाई घेतलं.”

आता ललिताच्या ध्यानात आलं. ती स्वतः ब्रह्मपुरीकडच्या खेड्यातली. तिच्या आईने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती शेजारणीला पुढे करायची. केंद्रात भरती झाल्यावर ललिताला शुद्ध बोलायला शिकवलं होतं, ‘मले-तुले’ची खोड काढून टाकली होती. ती खोड त्या क्षणी आपोआप परत आली.

“घ्या ना बाई. मानूस जाऊन राह्यला तुमचा. कोणी नाई आयकत, मीच आहो इथी.”

हे खोटं होतं. प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग व्हायचं, आणि शेजारच्या खुर्चीवरचा प्रणित कान टवकारून बसला होता.

पलीकडे म्हातारीने एक मोठा श्वास घेतला. मग थरथरत्या आवाजात, पण अगदी सुरात, ती म्हणाली:

“हिरव्या हिरव्या बांधीत पिकला पिवळा धान,
मुखरूरावाचं नाव घेते, राखते सर्वांचा मान.”

प्रणितने तोंडावर हात दाबला. ललिताला ‘धान’ कळलं, ‘मान’ कळलं, मधलं नाव कूलरने गिळलं.

“काय नाव? मुक्रू? शेकरू? बाई, नुसतं नाव सांगा. मोठ्यांदा.”

आणि मग ते नाव आलं. बांधाच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारावी तसं. मुखरू. त्यापाठोपाठ पुन्हा एकदा, मुखरू. मग रडत रडत आडनाव, बारसागडे.

रकाना हिरवा झाला. पुढचं झटपट उरकलं. म्हातारीला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. तिने दारातून खांबाचा नंबर एकेक आकडा करून वाचला आणि मोकळी गाडी त्या खांबाकडे निघाली. गाडी दवाखान्याच्या फाटकात शिरल्याची खूण पडद्यावर उमटली आणि ललिताचं काम संपलं. पुढचा फोन वाजतच होता.

संध्याकाळी पाळी बदलताना प्रणितने ते रेकॉर्डिंग मोबाईलवर घेऊन सगळ्यांना ऐकवलं. पोरगा वाईट नव्हता, हसरा होता, आणि दिवसभर रडारड ऐकणाऱ्या माणसांना हसायला काहीतरी लागतंच. “राखते सर्वांचा मान” आलं की सगळे फुटायचे. “अरे, इकडे मानूस मरून राह्यला अन् ही उखाणा घेऊन राह्यली,” असं म्हणत एकाने डोळे पुसले. ललितालाही हसू आलं. आलं ते आलं, त्याला काय करणार.

रात्रीच्या स्वयंपाकाला भाजी चिरताना तिला सुचलं की ‘धनराजचे बाबा’ एवढंच रकान्यात टाइप केलं असतं तरी यंत्राने घेतलं असतं. यंत्राला काय, अक्षरं हवी होती. एवढी साधी गोष्ट. तिने सुरी खाली ठेवली आणि तशीच उभी राहिली.

जेवताना तिचा नवरा अजय मोबाईल पाहून खोखो हसायला लागला. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता आणि त्यांच्या ग्रुपवर जगातलं सगळं येत असे.

“हे आयक. आपली झाडीपट्टीची बुढी हाये. जबरदस्त.”

त्याने आवाज मोठा केला. पहिल्याच वाक्याला त्याचा घास हातात राहिला.

“ही तू होय?”

“हो. बंद कर ते.”

“तूच होय ना? ‘मीच आहो इथी’ म्हणून राह्यली ते?”

“अजय, बंद कर म्हटलं ना.”

त्याने बंद केलं. मग विचारलं, “मंग वाचला का बुढा?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“आम्हाला नाही कळत. गाडी पोचली की आमचं संपतं.”

“असं कसं बावा तुमचं काम,” अजय म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, पण तो लागला. ललिता ताट तसंच टाकून उठली. आपण एका बाईचं दुखणं हसण्यावारी जाऊ दिलं आणि आपणही त्यात हसलो, याची तिला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती अतुल साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. माणूस तापट, पण कामाचा. खांबांच्या रंगासाठी वर्षभर मुंबईच्या चकरा त्यांनीच मारल्या होत्या.

“सर, नावाचा रकाना खाली घ्या. आधी खांब, मग गाडी, मग नाव.”

“आणि बाजारात उतरणारे?”

“उतरू द्या. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पंधरा मिनिटं घासाघीस केली तरी घेणार नाहीत. हिने शेवटी घेतलं, दुसरी फोन ठेवून देईल.”

साहेबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्यांची स्वतःची आई सिंदेवाहीला होती. ते म्हणाले, “रेकॉर्डिंग ऐका. वेळ कुठे गेला ते लिहून द्या मला. नुसत्या तोंडाने वरच्यांकडे काही मागता येत नाही.”

म्हणून ललिताने ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा एकटीने, हेडफोन लावून, नीट ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकताना तिला चीड आली. किती कोरडा. ‘गाडी निघणार नाही’ म्हणताना तर एखाद्या सावकारिणीसारखा. मग उखाणा आला, मग ते मोठ्याने घेतलेलं नाव. आणि त्या नावानंतर तिने बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं.

दोन हाकांच्या मध्ये काहीतरी होतं.

तिने प्रणितला बोलावून ऐकवलं.

“कूलर हाये मॅडम. पंखा घासून राह्यला.”

“कूलर सारखा वाजतोय. हे मधेच येतं आणि थांबतं.”

“मंग खाटेची करकर असन.” प्रणितचा चेहरा उतरला होता. क्लिप कुठवर गेली आहे हे त्याला कळलं होतं, आणि त्या आवाजाजवळ त्याला फार वेळ उभं राहायचं नव्हतं.

ललिताने साहेबांना हवं ते लिहून दिलं. पुढे दोनेक आठवड्यांत नावाचा रकाना खरंच खाली गेला. एके दिवशी सकाळी येऊन पाहतात तो खांबाचा नंबर सगळ्यात वर. ललिताचा करारही वाढला. कोणी पेढे वाटले नाहीत, कोणी हार घातले नाहीत. अशी कामं अशीच होतात, आणि झाली हेच खूप.

त्याच आठवड्यात केंद्राच्या फाटकाशी एक चाळिशीचा माणूस येऊन उभा राहिला. डोकं तासलेलं, त्यावर केसांचे खुंट नुकतेच उगवलेले. शिपायाने त्याला साहेबांकडे आणलं. तासलेलं डोकं पाहिल्याबरोबर ललिता समजायचं ते समजली.

“मी धनराज बारसागडे,” तो म्हणाला. “तो आवाज मोबाईलातून काढून टाका. माह्या मायचा हाये. माह्या कंपनीतले पोट्टे मलेच आयकवून राह्यले, बाप जाऊन महिना नाई झाला.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला शांत करायला सगळ्यांना शिकवलेलं होतं. हा हळू बोलत होता आणि त्याच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. साहेबांनी सगळ्यांचे मोबाईल पुढे ठेवायला लावले. प्रणितने रडवेल्या तोंडाने माफी मागितली. पण चिमणी एकदा भुर्र उडाली की उडाली. त्या क्लिपला आता कोण आवरणार होतं?

“फोन मी घेतला होता,” ललिता म्हणाली. “नाव मीच विचारलं.”

धनराजने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुमी होय. मंग तुमी घरी या एकडाव. माय म्हणे, त्या बाईले भेटाचं हाये.”

ललिता रविवारी गेली. अजय सोबत यायला निघाला होता, तिने नको म्हटलं. बोलणी खायची तर ती आपण एकटीने खावीत, असं तिला वाटलं. रिक्षावाल्याला तिने पत्ता सांगितला नाही, खांबाचा नंबर सांगितला. त्याने बरोब्बर दारात सोडलं.

दोन खोल्यांचं भाड्याचं घर. धनराजची आई धुरपताबाई जमिनीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. एवढ्याशा, वाळलेल्या, पण हात झपाझप चालणारे. आवाजावरून ललिताने मनात काढलेली म्हातारी हिच्यापेक्षा अंगाने बरीच मोठी होती.

“या, बसा. पानी घ्या आधी. उन्हातून आल्या.”

ललिता पाणी प्यायली. धनराज दाराला टेकून उभा होता. रिक्षात बसल्या बसल्या तिने शुद्ध भाषेत दोन-तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

“बाई, मी तुमाले नावासाठी अडवून ठेवलं. तेवढ्यात गाडी निघाली असती. माही चुकी झाली.”

“हाव, अडवलं,” धुरपताबाई म्हणाल्या.

ललिता पुढच्याची वाट पाहत बसली. ‘जाऊ द्या’, ‘नशिबात होतं’, असलं काही त्या बोलल्याच नाहीत.

“मले लय राग आलता तुमचा. वाटलं, फोनातून हात टाकावं अन् एक थापड ठेवून द्यावं. येवढी शिकली-सवरली पोरगी, अन् इचारते काय, तं नाव. राग अजूनबी हाये थोडासा.”

“राहू द्या. बरोबर हाये.”

“पर तुमालेच काऊन बोलू? तंबाखूचा खर्रा आणाले उन्हाचं जाऊन राह्यले होते, मी दारातच होती. नोको जाऊ म्हतलं, पर हात नाई धरला. गावाकडं चामोर्शीले असतो तं शेजारपाजार धावला असता. इथी दार वाजवलं तं कोणी उघडे नाई. डाक्टर म्हणे, आधीच लय चढलं होतं ऊन.” त्यांनी सुपातला एक खडा टिपून बाजूला टाकला. “त्यासाठी नाई बलावलं तुमाले. एक इचाराचं हाये.”

“इचारा ना.”

त्यांनी धनराजकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. तेव्हा त्याच्यासमोरच त्या बोलल्या, पण सुपाकडे पाहून.

“लगनात साऱ्या बायकाइनं नाव घ्याले लावलं. मावशीनं तो उखाणा महिनाभर पाठ करून घेतला होता. पर मले येवढी लाज वाटली, मी पदर तोंडात कोंबून बसली. नाई घेतलं. तवापासून ते मागं लागले होते. धान रोवताना बांधीत, बैलबंडीवर, जेवताना. एकडाव घे ना म्हणे, माह्या कानानं आयकू दे. मी म्हणो, जास्त झाला का जीव? नाव घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते. तं हसत. कमी होऊ दे म्हणे, पर घे.”

“माय,” धनराज म्हणाला. त्याने हे कधी ऐकलं नव्हतं.

“मी त्याइले ‘आयकलं का’ म्हणूनच हाक मारो. जनमभर. अन् त्या दिवशी बाजूले बसून येवढ्या जोरानं नाव घेतलं.” त्यांचे हात आता थांबले होते. “तुमच्याजोळ तो आवाज हाये म्हणे. त्याइले आयकू आलं असन का?”

“माय, बेसुद होते ना ते. कसं आयकू येईन?”

“तू चूप रे. तुले इचारलं का?”

शिव्या खायची ललिताची तयारी होती, याची नव्हती. तिला खोटं बोलायचं नव्हतं, आणि जे बोलायचं होतं ते खरं आहे याची शपथ घेता येत नव्हती. प्रणितने कूलर म्हटलं होतं. पण कितीदा तरी ऐकलं होतं तिने ते. आपल्या कानांवर विश्वास ठेवूनच तर ती पगार घेत होती.

“पहिल्यांदा तुमी मोठ्यानं नाव घेतलं ना,” ती म्हणाली, “त्याच्यामागून एक आवाज येते. बारीक. आमच्यातला एक पोरगा म्हणते, कूलर हाये. मी लय वेळा आयकलं. मले कूलर नाई वाटत.”

“मंग काय वाटते?”

“ओ देल्ली त्याइनं.”

दाराशी धनराजने तोंड फिरवलं. धुरपताबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“ओ देल्ली?”

“हाव.”

त्या रडतील असं ललिताला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. भिंतीशी एक खाट उभी करून ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. उशिरा घरी आलेल्या माणसाला बाई दारातच धरते, तशा रागाने त्या खाटेशी बोलल्या.

“आयकू आलं होतं ना? मंग उठाले काय झालं होतं तुले, मुखरू?”

आणि मग त्या ओ येण्याची वाट पाहत बसल्या.